ॲपमधूनच फोटो काढण्याची सोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात करप्याची नोंद घेणारं ॲप असो, कापूस खरेदीची काटापावती जोडायची असो किंवा धडगावच्या पाड्यावरून घरकुलाच्या कामाचा फोटो पाठवायचा असो, ॲपमध्ये कॅमेऱ्याचं बटण लागतंच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठी ॲप बनवणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. आपल्याकडे शेतात आणि बाजारात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याचीच आहेत. आयफोनचं वेगळं उत्तर शेवटाकडे आहे.

सगळ्या उत्तरांमागे आमचा एकच आग्रह आहे: बटण दाबल्यापासून सर्व्हरवर पोचेपर्यंत फोटो कुठेही हरवता कामा नये. गारपिटीनंतर आडव्या झालेल्या बागेचा फोटो चार दिवसांनी पुन्हा काढता येत नाही. तोवर बाग साफ झालेली असते.

फोनचाच कॅमेरा उघडावा, की ॲपमध्ये स्वतःचा कॅमेरा बसवावा?

दहापैकी आठ ॲप्सना फोनचाच कॅमेरा पुरतो. फोन बनवणाऱ्या कंपनीने त्या लेन्ससाठी फोकस, उजेड आणि रंगांवर जी मेहनत घेतलेली असते, ती तुम्हाला फुकट मिळते. वापरणाऱ्याच्या हाताला तो कॅमेरा सवयीचा असतो, आणि तुमच्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी मागावी लागत नाही.

स्वतःचा कॅमेरा बसवायची वेळ काही ठरावीक कामांत येते. फोटोवर चौकट दाखवून 'पान या चौकटीत धरा' असं सांगायचं असेल. एकामागून एक दहा फोटो काढायचे असतील, कारण फोनचा कॅमेरा एका वेळी एकच फोटो देऊन परत येतो. हजेरीसाठी पुढचाच कॅमेरा उघडायला हवा असेल, कारण फोनच्या कॅमेऱ्याला 'पुढची लेन्स उघड' असं खात्रीने सांगण्याची सोय नाही. अशा कामांना अँड्रॉइडची कॅमेराएक्स लायब्ररी वापरा. जुन्या कॅमेरा एपीआयवर नवं काम सुरू करू नका.

फोनचा कॅमेरा उघडायला नेमकं काय काय करावं लागतं?

क्रम असा ठेवा:

१. ॲपच्या खासगी फाइल्स फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार करा. नाव यूयूआयडीने (कधीच पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) द्या, म्हणजे दोन फोटोंची नावं कधीच एक होणार नाहीत.

२. फाइलप्रोव्हायडरकडून (आपली फाइल दुसऱ्या ॲपला सुरक्षितपणे देणारी अँड्रॉइडची सोय) त्या फाइलचा कंटेंट पत्ता घ्या. फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या ॲपला दिला की अँड्रॉइड ७.० पासून ॲप जागीच क्रॅश होतं.

३. हा पत्ता आधी जपून ठेवा आणि मगच 'टेकपिक्चर' काँट्रॅक्टने (कॅमेरा उघडून उत्तर परत आणणारी अँड्रॉइडची सोय) कॅमेरा उघडा. जपून ठेवायचं कारण पुढच्या एका प्रश्नात आहे.

४. परत आल्यावर नुसत्या हो-नाही उत्तरावर विसंबू नका. फाइलचा आकार शून्याहून मोठा आहे का, तेही बघा. वापरणाऱ्याने कॅमेरा रद्द केला असेल तर ती रिकामी फाइल पुसून टाका, नाहीतर शून्य बाइटच्या फाइल्सचा ढीग साचतो.

फाइलप्रोव्हायडरमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे पाथ्सच्या एक्सएमएलमध्ये एक फोल्डर लिहिलेलं असतं आणि फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये बनते. मग 'कॉन्फिगर केलेलं रूट सापडलं नाही' अशा अर्थाची चूक येते. फाइल 'फाइल्स'मध्ये बनवत असाल तर एक्सएमएलमध्ये 'फाइल्स-पाथ' हवा, 'कॅश-पाथ' नको.

कॅमेरा ॲप फोनमध्ये आहे, तरी आमचं ॲप 'कॅमेरा सापडला नाही' का म्हणतं?

अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसरी ॲप्स आपोआप दिसत नाहीत. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेली फाइल) 'क्वेरीज', म्हणजे कोणती ॲप्स शोधायची ते, लिहिलं नसेल तर 'रिझॉल्व्ह ॲक्टिव्हिटी' हे फंक्शन रिकामं उत्तर देतं. आधी विचारत बसू नका. थेट कॅमेरा उघडा आणि 'ॲक्टिव्हिटी नॉट फाउंड' ही चूक आली तरच संदेश दाखवा.

परवानगी लागत नाही म्हणता, मग सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची चूक) का येतं?

मॅनिफेस्टमध्ये कॅमेऱ्याची परवानगी लिहिलेली असते, पण वापरणाऱ्याने ती दिलेली नसते. अँड्रॉइड ६.० पासूनचा नियम असा की परवानगी लिहिलीच नसेल तर फोनचा कॅमेरा बिनधास्त उघडता येतो, पण लिहिली असेल तर ती मिळालेलीच हवी.

'आम्ही तर ती लिहिलीच नाही' असं म्हणणाऱ्यांनी मर्ज झालेला मॅनिफेस्ट, म्हणजे सगळ्या लायब्ररींच्या ओळी मिळून बनलेला, उघडून बघावा. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडल्यावर खाली त्याचा वेगळा टॅब असतो. क्यूआर कोड वाचणारी एखादी लायब्ररी जोडली की ती गुपचूप ही परवानगी आणते. क्यूआर खरोखर वाचायचा असेल तर फोटो काढण्यापूर्वीही परवानगी मागा. नको असेल तर 'टूल्स रिमूव्ह' वापरून ती ओळ काढून टाका.

याच ओळीचा आणखी एक परिणाम होतो. कॅमेऱ्याची परवानगी लिहिली की प्ले स्टोअर असं धरून चालतं की ॲपला कॅमेरा असलाच पाहिजे, आणि कॅमेरा नसलेल्या उपकरणांना ॲप दाखवत नाही. कॅमेऱ्याशिवायही ॲपचं काम होत असेल तर 'यूजेस-फीचर'मध्ये कॅमेरा आवश्यक नाही, म्हणजे 'फॉल्स', असं स्पष्ट लिहा.

फोटो काढून परत आलं की ॲप पहिल्या पानावर जातं आणि फोटो गायब होतो. असं का?

सगळ्यात जास्त फोटो इथेच हरवतात, आणि ज्याने ॲप बनवलं त्याच्या फोनवर हे कधीच घडत नाही.

दोन-तीन जीबी रॅमचा फोन घ्या. त्यात गाणी चालू आहेत, व्हॉट्सॲप मागे उघडं आहे. शेतकऱ्याने तुमच्या ॲपमध्ये गट नंबर भरला, वाण निवडलं, लागवडीची तारीख टाकली आणि फोटोचं बटण दाबलं. कॅमेरा उघडताच फोनला एकदम भरपूर मेमरी लागते. ती मिळवायला अँड्रॉइड मागे गेलेली ॲप्स बंद करतं, आणि त्या क्षणी मागे गेलेलं ताजं ॲप तुमचंच असतं. फोटो निघतो, फाइलमध्ये नीट लिहिलाही जातो. शेतकरी बरोबरची खूण दाबतो, अँड्रॉइड तुमचं ॲप नव्याने उभं करतं, पण 'फोटो कुठल्या फाइलमध्ये ठेवायला सांगितला होता' हे ज्या व्हेरिएबलमध्ये होतं ते आता रिकामं असतं. भरलेला फॉर्मही कोरा असतो. शेतकऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. तो पुन्हा सगळं भरतो, पुन्हा तेच होतं, आणि तिसऱ्यांदा तो ॲप उघडत नाही.

उपाय कठीण नाही. कॅमेरा उघडण्यापूर्वी फाइलचा पत्ता 'सेव्हड स्टेट हँडल'मध्ये ठेवा, तो ॲप नव्याने उभं राहिलं तरी टिकतो. स्क्रीन बनवायला कंपोझ वापरत असाल तर 'रिमेंबर सेव्हेबल'मध्ये. साधं 'रिमेंबर' इथे पुरत नाही. भरलेला फॉर्म मसुदा म्हणून फोनमधल्या रूम डेटाबेसमध्ये लिहा. आमच्या मते फॉर्मचा प्रत्येक रकाना भरताच मसुद्यात जायला हवा, मग कॅमेऱ्यामुळे ॲप बंद पडो की मध्येच फोन आल्यामुळे. 'टेकपिक्चर'ची नोंदणी स्क्रीन तयार होतानाच झाली पाहिजे, बटण दाबल्यावर नाही. नाहीतर नव्याने उभ्या राहिलेल्या ॲपला उत्तर पोचतच नाही.

ॲप फ्लटर किंवा कॅपॅसिटर या साधनांनी बनवलं असेल तर याची वेगळी सोय आहे. फ्लटरचं 'इमेज पिकर' वापरत असाल तर ॲप सुरू होताना 'रिट्रीव्ह लॉस्ट डेटा' बोलवा. कॅपॅसिटरमध्ये याच कामासाठी 'ॲप रिस्टोअर्ड रिझल्ट' ही घटना ऐकावी लागते. दोन्हींच्या दस्तऐवजांत हे लिहिलेलं आहे, आणि दोन्हींकडे सर्रास दुर्लक्ष होतं.

फोटो टपाल तिकिटाएवढा आणि पुसट का येतो?

तुम्ही फाइलचा पत्ता दिलाच नाही, म्हणून कॅमेऱ्याने नमुन्यापुरतं छोटं चित्र परत केलं. वरचा क्रम पाळा.

फोनमध्ये उभा दिसणारा फोटो सर्व्हरवर आडवा का दिसतो?

बरेच फोन फोटो सेन्सरच्या दिशेने आडवाच साठवतात आणि 'दाखवताना फिरवा' अशी खूण एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधली माहितीची नोंद) लिहितात. १ म्हणजे जसा आहे तसा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश, ३ म्हणजे १८० आणि ८ म्हणजे २७०. गॅलरी ही खूण वाचते. अँड्रॉइडची फोटो उघडणारी 'बिटमॅप फॅक्टरी' वाचत नाही, आणि फोटो लहान करून पुन्हा जेपेग केला की एक्झिफ पूर्ण पुसला जातो. खूण जाते आणि फोटो आडवा राहतो.

म्हणून लहान करण्याआधी 'एक्झिफ इंटरफेस'ने खूण वाचा, चित्र खरोखर फिरवा आणि नव्या फाइलमध्ये १ लिहा. काढल्याची वेळ आणि अक्षांश-रेखांश हवे असतील तर तेही आधीच वाचून ठेवा, कारण तेही याच पुसापुशीत जातात.

फोटो किती मोठा ठेवावा?

लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगचा दर्जा ८०, इथून सुरुवात करा. असा फोटो बहुधा अर्ध्या एमबीच्या आत बसतो आणि पानावरचे ठिपके किंवा पावतीवरचे आकडे वाचता येतात. बारीक छापील कागदाला २००० पिक्सेल ठेवा.

लहान करतानाही मेमरी सांभाळा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो आणि मेमरीत दर पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे ४८ एमबी. ५० मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण उघडला तर सुमारे २०० एमबी लागतात आणि साधा फोन तिथेच मान टाकतो. आधी नुसती लांबी-रुंदी वाचा, 'इन सॅम्पल साइझ' (लांबी-रुंदी कितीपट लहान करून उघडायची तो आकडा) २ किंवा ४ ठेवून उघडा, मग नेमक्या मापावर आणा. १२ मेगापिक्सेलला २ ठेवलं तर ४८ ऐवजी १२ एमबीत काम होतं. हे सगळं मुख्य थ्रेडवर करू नका, स्क्रीन गोठते.

अक्कलकुवा-धडगावकडे रेंज नसते. तिथे फोटो कसा पाठवायचा?

'पाठवणे' हे काम 'काढणे' या कामापासून पूर्ण तोडा. फोटो काढला, फोनमध्ये ठेवला, रांगेत लावला, की वापरणाऱ्याचं काम संपलं. फिरणारं चक्र दाखवून त्याला डोंगरावर उभं ठेवू नका.

फोटो कॅश फोल्डरमध्ये ठेवू नका. फोनची जागा भरत आली की अँड्रॉइड कॅश कधीही रिकामी करतं, आणि गाव-पाड्यांवरच्या फोनमध्ये जागा नेहमीच भरत आलेली असते. फाइल्स फोल्डर तसं पुसलं जात नाही. मात्र ॲप काढून टाकलं किंवा 'डेटा पुसा' दाबलं तर तेही जातं. म्हणून रांगेत फोटो शिल्लक असतील तर 'अजून ४ फोटो पाठवायचे आहेत, ॲप काढू नका' अशी ओळ पहिल्याच पानावर ठळक दिसू द्या.

पाठवायला वर्कमॅनेजर (मागे राहून कामं करणारी अँड्रॉइडची सोय) वापरा. 'नेटवर्क असेल तेव्हाच' अशी अट घाला. प्रयत्न फसला तर तो ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि मग अंतर दुपटीने वाढत जातं, जास्तीत जास्त ५ तासांपर्यंत. अडचण इथेच आहे. पाड्यावरचा माणूस आठवडे बाजाराला खाली येतो, तेव्हा फोनला तास-दोन तास चांगली रेंज मिळते, आणि त्याच वेळी तुमची रांग पाच तासांच्या झोपेत असू शकते. म्हणून ॲप उघडताच रांग नव्याने सुरू करा आणि 'आता पाठवा' असं बटणही द्या. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागची कामं सक्तीने थांबवतात. तिथे हे बटणच उपयोगी पडतं.

फोटोखाली तीन अवस्था साध्या शब्दांत दाखवा: 'फोनमध्ये आहे', 'जात आहे', 'पोचला'. 'सिंक पेंडिंग' लिहू नका. सर्व्हरने फाइलचा आकार आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का ते सांगणारा आकडा) जुळल्याचं कळवल्यावरच 'पोचला' म्हणा आणि मगच फोनमधली प्रत पुसा.

मूळ फोटो न पाठवण्याचं कारणही इथेच आहे. ६४ केबीपीएस वेग मिळाला तर ४ एमबीच्या फोटोला आठ मिनिटांहून जास्त लागतात. ४०० केबीचा फोटो ५० सेकंदांत जातो.

एकच फोटो सर्व्हरवर दोन-तीनदा का येतो?

फोटो पूर्ण पोचला, पण सर्व्हर त्याचे छोटे नमुने बनवत बसला आणि उत्तर द्यायला उशीर केला. फोनकडून सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी ओकेएचटीटीपी आपणहून १० सेकंद वाट बघते आणि मग अपयश समजते. फोन तोच फोटो पुन्हा पाठवतो. फोटो काढतानाच दिलेला यूयूआयडी प्रत्येक प्रयत्नासोबत पाठवा. तो आधीच नोंदलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता 'मिळाला' एवढंच म्हणावं. नमुने बनवण्याचं काम सर्व्हरने उत्तर दिल्यानंतर करावं. वाट बघण्याची मर्यादा ६० सेकंद करा.

सर्व्हर ४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे) ही चूक देतो.

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सांगितल्याशिवाय १ एमबीहून मोठं काही घेत नाही. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' वाढवा. पीएचपी असेल तर त्याची फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि पूर्ण विनंतीची ८ एमबी असते. तीही बघा. तिन्हींपैकी एकच वाढवून प्रश्न सुटत नाही.

परवानगी नाकारली तर काय करायचं?

हा प्रश्न स्वतःचा कॅमेरा बसवणाऱ्यांचा आहे. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाकारलं की खिडकी पुन्हा येतच नाही, मग सेटिंगमध्ये जाऊनच परवानगी द्यावी लागते. म्हणून ॲप उघडताच परवानगी मागू नका. कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावरच मागा, म्हणजे कारण समोर असतं. त्याआधी एका ओळीत सांगा: 'पानाचा फोटो काढण्यासाठी कॅमेरा लागेल.' तरीही नाकारलं तर फॉर्म अडवू नका. फोटोशिवाय मसुदा राहू द्या आणि सेटिंग उघडणारं बटण द्या. 'फक्त या वेळी' निवडणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी दर वेळी परवानगी तपासावी लागते.

परवानगी आहे पण चित्र पूर्ण काळं आहे, असं झालं तर अँड्रॉइड १२ पासूनच्या फोनमध्ये वरच्या झटपट बटणांतून कॅमेरा बंद केला असण्याची शक्यता बघा.

सूचना कोणत्या भाषेत द्याव्यात?

लेखी मराठीत, आणि छोट्या वाक्यांत. पण फोटो काढताना माणूस वाचत नाही, ऐकतो. दोन-तीन सेकंदांची ध्वनिफीत लावलीत तर ती अहिराणीत असू द्या: 'पानना फोटो काढा, मोबाईल आडवा धरा.' सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी किंवा भिली लागते. ती त्याच गावातल्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या. यंत्राने वाचलेलं नको.

फोटोसोबत शेताचं ठिकाण नोंदवायचं आहे. अक्षांश-रेखांश चुकतात.

फोनच्या कॅमेऱ्याने एक्झिफमध्ये लिहिलेल्या ठिकाणावर अवलंबून राहू नका. बऱ्याच फोनमध्ये ते बंद असतं. ठिकाण ॲपने स्वतः घ्यावं आणि फोटोच्या नोंदीशी जोडावं.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. पण इंटरनेट नसेल तर उपग्रहांची माहिती थेट उपग्रहाकडूनच उतरवावी लागते, आणि त्याला आकाश मोकळं असताना किमान अर्धं मिनिट लागतं. केळीच्या दाट बागेत आणखी वेळ जातो. म्हणून फॉर्म उघडताच जीपीएस सुरू करा, फोटोचं बटण दाबल्यावर नाही. घाईत 'शेवटचं माहीत असलेलं ठिकाण' उचललं तर ते घरचं निघतं. ठिकाण किती वेळापूर्वीचं आहे हे तपासा.

ठिकाणासोबत अचूकतेचा आकडाही साठवा. अँड्रॉइड ही त्रिज्या मीटरमध्ये देतो, आणि खरं ठिकाण त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्केच असते. चौकोनी एक एकराची बाजू साधारण ६४ मीटर भरते. अचूकता ५० मीटर असेल तर फोटो तुमच्या शेतातला की शेजारच्या बांधापलीकडचा, हे सांगता येत नाही. १५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबायला सांगा, पण दोन मिनिटांनंतर मिळेल ते घ्या आणि आकडा नोंदवा. माणसाला अडवून ठेवू नका. अँड्रॉइड १२ पासून वापरणारा 'अंदाजे ठिकाण' एवढंच देऊ शकतो. ते सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या आतलं असतं, म्हणजे शेतासाठी निरुपयोगी. ते ओळखा आणि नेमकं ठिकाण का हवं ते सांगा.

फोटोवर गावाचं नाव आणि तारीख छापली की अक्षरं मोडतात.

'शिरपूर'ची पहिली वेलांटी 'श'च्या मागे जाते आणि 'अक्कलकुवा'तलं जोडाक्षर पाय मोडून सुटं होतं, असंच ना? सर्व्हरवरच्या साध्या चित्र-लायब्ररीला देवनागरीची जुळणी येत नाही. ती अक्षरं एकापुढे एक मांडत जाते. पीएचपीच्या जीडीचं हेच होतं. पायथनच्या पिलोला अक्षरं जुळवणारं लिबराक्म जोडल्यावर जमतं. सोपा मार्ग म्हणजे मजकूर फोनवरच कॅनव्हासने छापा. अँड्रॉइड देवनागरी बिनचूक जुळवतो. बिनछापाची मूळ प्रतही ठेवा, कारण ठिपक्यांवर पडलेली पट्टी काढता येत नाही.

फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं. फोनची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ, दोन्ही साठवा.

कोणी गॅलरीतला जुना फोटो टाकू नये, यासाठी काय?

गॅलरीचं बटण देऊ नका, स्वतःचा कॅमेरा बसवा आणि अँड्रॉइडने 'बनावट ठिकाण' अशी खूण दिली तर ती नोंदवा. तरीही फोटोचा फोटो कोणी काढू शकतो. पैशांचा व्यवहार फोटोवरच ठरणार असेल तर काही टक्के नोंदी माणसाने जाऊन बघाव्यात.

गॅलरीतून फोटो घ्यायचा असेल, तर अँड्रॉइडचा फोटो पिकर वापरा. त्याला कुठलीच परवानगी लागत नाही. सगळे फोटो वाचण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपला प्ले स्टोअर कारण विचारतं, आणि कारण पटलं नाही तर ॲप अडतं.

करप्याचे, हरण्या रोगाचे फोटो धूसर येतात.

लोक फोन पानाला चिकटवतात. बहुतेक साध्या फोनच्या मुख्य लेन्सला इतक्या जवळचं दिसत नाही. फोन पानापासून वीतभर लांब धरायला सांगा. मध्ये जागा राहिली तरी चालेल, ती नंतर कापता येते. पानामागे तळहात किंवा कोरा कागद धरला तर फोकस मागच्या बागेवर पळत नाही. भर दुपारी पान आपल्या सावलीत घ्या, नाहीतर ऊन चमकून ठिपका पांढरा दिसतो. लेन्स धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसून घ्या, ही सूचना सगळ्यात वर ठेवा. चिकाचा आणि धुळीचा हात लेन्सला लागलेला असतोच.

ॲपलाही तपासता येतं. फोटो लहान करून राखाडी करा आणि लाप्लासियनचा (चित्रातल्या कडा शोधणारं गणित) व्हेरियन्स मोजा. आकडा कमी म्हणजे फोटो हललेला. कुठला आकडा कमी समजायचा, हे तुमच्याच शेकडो फोटोंवरून ठरवा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका. आणि 'पुन्हा काढा' असं सुचवा, सक्ती करू नका.

मे महिन्यात कॅमेरा मध्येच बंद पडतो.

भुसावळ-जळगावात पारा ४५ वर जातो. ॲपल आयफोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगतं. फोन तापला की आधी फ्लॅश बंद होतो, पडदा अंधारतो, मग कॅमेरा थांबतो. स्वतःचा कॅमेरा बसवला असेल तर चालू चित्र गरजेपुरतंच ठेवा आणि फोटो काढताच कॅमेरा सोडा. उन्हात दिसावं म्हणून बटण मोठं, पांढऱ्यावर काळं ठेवा. करड्यावर करडं बांधावर दिसत नाही.

सातबारा, पासबुक, आधार यांचे फोटो?

कागदासाठी गूगलच्या एमएल किटचा डॉक्युमेंट स्कॅनर घ्या. तो कडा ओळखतो, कागद सरळ करतो आणि कॅमेऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. १.७ जीबीहून कमी रॅमच्या फोनवर तो चालत नाही, तिथे साधा फोटो घ्या. असे फोटो गॅलरीत जाऊ देऊ नका. तिथून ते आपोआप बॅकअपला जातात. आधारचे शेवटचे चार आकडे पुरत असतील तर बाकीचे फोनवरच झाका.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण सूचना आणि संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कशासाठी फोटो घेतो हे सांगणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. वय १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते.

आयफोनमध्ये वेगळं काय?

कॅमेरा का हवा ते इन्फो.पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीची फाइल) लिहिलेलं नसेल तर कॅमेरा उघडताच ॲप बंद पडतं. 'ॲपला कॅमेरा हवा' असं मोघम लिहिलं तर ॲपलकडून ॲप परत येऊ शकतं. परवानगीची खिडकी एकदाच येते. फोटोचा पूर्ण पाथ साठवू नका. ॲप अद्ययावत झालं की फोल्डरचा पत्ता बदलतो आणि फोटो असूनही सापडत नाही. फक्त फाइलचं नाव साठवा. गॅलरीतून आलेला फोटो हेइक (आयफोन वापरतो तो फोटोचा प्रकार) असू शकतो, पाठवण्यापूर्वी जेपेग करा. मागे राहून पाठवायला यूआरएलसेशनचं बॅकग्राउंड रूप आहे, त्याला डेटा नाही तर फाइल द्यावी लागते. सिम्युलेटरवर कॅमेरा नसतो.

आमचं ॲप म्हणजे वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतला ब्राउझर) उघडलेली साइट आहे.

फाइल घेण्याच्या बटणाला 'कॅप्चर' लावलं तरी अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये आपोआप काही घडत नाही. 'ऑन शो फाइल चूझर' तुम्हाला लिहावं लागतं. वापरणाऱ्याने रद्द केलं तरी उत्तरात 'नल' परत द्या. ते दिलं नाही तर बटण एकदा चालतं आणि नंतर मुकं होतं. पानातच कॅमेरा दाखवायचा असेल तर साइट एचटीटीपीएसवर हवी.

गावात देण्यापूर्वी काय तपासावं?

दोन जीबी रॅमचा जुना फोन विकत घ्या, त्याची साठवण जवळजवळ भरून टाका आणि त्यावरच तपासा. डेव्हलपर पर्यायांत 'ॲक्टिव्हिटी ठेवू नका' चालू करून फोटो काढा. मग एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन), कॅमेरा उघडा असतानाच, 'एएम किल' ही आज्ञा देऊन तुमचं ॲप मारा, कॅमेऱ्यात बरोबरची खूण दाबा आणि फॉर्मसकट फोटो परत येतो का बघा. विमान मोड लावून पाच फोटो काढा, फोन बंद करून चालू करा, मोड काढा, आणि सर्व्हरवर नेमके पाचच आले का मोजा. फोटो जात असताना मध्येच नेटवर्क तोडा. फोन चारही दिशांना धरून एकेक फोटो काढा. परवानगी दोनदा नाकारा. मग दुपारी बाराला उन्हात उभं राहून, ज्याने ॲप कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हातात फोन द्या आणि काहीही न सांगता बघत राहा. तो जिथे थांबेल तिथे बटण किंवा शब्द बदला.